दोघांपैकी कोणीही

सुधाकररावांचा गुडघा महिन्यातून एकदाच दुखायचा आणि तोही बँकेच्या कामाच्या दिवशी. रविवारी तो कधी दुखल्याचं कोणाच्या ऐकण्यात नव्हतं. दुखण्याच्या सकाळी ते धुतलेलं धोतर नेसायचे, हमरस्त्यावर उभे राहून आरटीसीची बस धरायचे आणि इचोड्याला जाऊन दुपारपर्यंत परत यायचे. येताना गोळ्यांची एक पट्टी आणायचे. ती पट्टी मग कपाटावरच्या डब्यात जाऊन पडायची. बयनाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, एकदा तो डबा झाडायला काढला, तर आत न फोडलेल्या अकरा पट्ट्या निघाल्या.

"बाप्पा! तुमचा गुडघा गोळ्या नुसत्या पाहूनच बरा होते का?" तिनं विचारलं.

"डॉक्टरच तसा हाये," सुधाकरराव म्हणाले आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.

खरी गोष्ट अशी होती की इचोड्याच्या बँकेत त्यांचं एक खातं होतं आणि त्यात एक्क्याण्णव हजार रुपये होते. आठ वर्षं कापूस आदिलाबादच्या मार्केटात विकून आले, की घरी सांगायच्या आकड्यातून ते थोडं बाजूला काढत आणि तिथं नेऊन ठेवत. महिन्यातून एकदा जाऊन पासबुकावर छापून घेत, बाकावर बसून शेवटचा आकडा दोनदा वाचत आणि समाधानानं परत येत. हे फक्त एका माणसाला माहीत होतं. तो म्हणजे देवाजी, त्यांचा लहानपणचा मित्र आणि शेजारचा वावरवाला. कारण देवाजीचाही गुडघा त्याच दिवशी दुखायचा.

दोघांनी हे पैसे कशासाठी ठेवले होते, ते सांगायला हवं. आपापल्या तेरवीसाठी!

सुधाकररावांचे वडील गेले ते कोरड्या साली. तेराव्या दिवशी पंगतीला पिठलं-भाकर वाढली गेली आणि सोयऱ्यांपैकी कोणीतरी हात धुताना काहीतरी बोललं. बावीस वर्षांच्या सुधाकररावांनी ते ऐकलं आणि तेव्हाच ठरवलं, की आपल्या तेरवीला असं होऊ द्यायचं नाही. पाच गावं जेवतील. पुरी, वांग्याची भाजी, वरण-भात आणि बुंदी. बुंदी मोठ्या दाण्याची. नेरडीगोंड्याच्या आचाऱ्याला त्यांनी किती किलो बेसन लागेल तेसुद्धा विचारून ठेवलं होतं. कोणासाठी, हे मात्र सांगितलं नव्हतं. आचाऱ्याला वाटलं, लग्न असेल. मुलगा गोपाल कष्टाळू होता, पण त्याचा हात आखडता. आपण डोळे मिटले की तो बुंदीच्या जागी शेव वाढेल, याची सुधाकररावांना पक्की खात्री होती.

सगळं असं सुरळीत चालू होतं. मग गोपालची बायको सुवर्णा बँकवाली झाली.

ती बारावी शिकलेली. बचत गटाचा हिशोब चांगला ठेवायची, म्हणून गटानं तिचं नाव पुढं पाठवलं. आदिलाबादला तिचं प्रशिक्षण झालं, परीक्षा झाली, आणि जून महिन्यात घराच्या ओसरीवर एक टेबल, एक खुर्ची, एक निळा बोर्ड आणि मुठीत मावेल एवढी मशीन येऊन बसली. मशीनवर बोट ठेवायचं, आधारचा नंबर सांगायचा आणि पैसे काढायचे नाहीतर भरायचे. बस नको, रांग नको, दिवस मोडायला नको. अट एवढीच होती, की तीन महिन्यांत ठरलेल्या संख्येइतके व्यवहार व्हायला हवेत. नाही झाले तर मशीन परत.

पहिल्या तीन आठवड्यांत तिच्याकडे दोन गिऱ्हाइकं आली. त्यातलं एक गोपाल होता. त्यानं शंभर रुपये भरले आणि तेच शंभर रुपये परत काढले.

गाव वाईट नव्हतं, पण गावाला डोळे होते. अनुपच्या चहाच्या टपरीवर हा विषय रोज निघायचा. "सासराच इचोड्याले जाते, मंग आपन काऊन अठी अंगठा ठेवाचा?" असं कोणीतरी म्हणायचं आणि बाकीचे कपातला चहा हलवत माना डोलवायचे. त्यांचंही बरोबर होतं. ज्या दुकानातून घरचेच सामान घेत नाहीत, तिथून दुसरा कशाला घेईल?

बयनाबाईंनी नवऱ्याच्या मागे लकडा लावला.

"सूनबाईच्या मशीनवर बोट ठेवाले तुमचं काय जाते?"

"माझ्या बोटायच्या रेघा घासल्या कपाशी वेचू वेचू. मशीन नाई घेत."

"कधी ठेवून पाह्यलं?"

"न ठेवताच कळते मले."

सुवर्णा मात्र काही बोलली नाही. मामाजींसमोर चहाचा कप ठेवायची, बोर्डावरची धूळ पुसायची आणि रिकाम्या खुर्चीसमोर शेंगा फोडत बसायची. तिचं हे न बोलणं सुधाकररावांना बयनाबाईंच्या बोलण्यापेक्षा जास्त टोचायचं. पण करणार काय? तिच्या मशीनमध्ये एकदा नंबर टाकला, की एक्क्याण्णव हजारांचा आकडा ओसरीवर उजेडात येणार. आणि बयनाबाई दोन वर्षांपासून ज्या गोष्टीसाठी पैसे मागत होत्या आणि ज्यासाठी ते "घरात दमडी नाई" म्हणत होते, ती गोष्टही मग त्याच ओसरीवर निघणार.

ती गोष्ट होती ज्वारीची. नाल्याकाठच्या दोन एकरांत पूर्वी त्यांची ज्वारी व्हायची. रानडुकरं येऊन एका फेरीत अर्धं पीक लोळवायला लागली, तेव्हा पेरणं सोडावं लागलं. शेताभोवती तार ओढून झटका मशीन लावली की डुकरं येत नाहीत, हे बयनाबाईंनी माहेरी पाहिलं होतं. पण त्याला तीस हजार लागत. सुधाकररावांनी हात वर केले. तेव्हापासून घरात कंट्रोलचा, म्हणजे रेशनचा, तांदूळ शिजत होता आणि भाकरीसाठी ज्वारी विकत आणावी लागत होती, तीही पाहुणा आला तरच.

श्रावण सरता सरता देवाजी गेला. सकाळी वावराच्या धुऱ्यावर, बांधावर बसून तंबाखू मळत होता, तसाच कलंडला. सुधाकररावांनी खांदा दिला, राख सावडायला गेले. त्यांना दुःख होतंच. पण दुःखाच्या तळाशी एक छोटीशी उत्सुकताही होती, हे त्यांनी स्वतःपाशीसुद्धा कबूल केलं नाही. देवाजीच्या खात्यात सत्तर हजारांच्या वर होते. त्याची तेरवी कशी होते, ते बघायचं होतं.

देवाजीच्या मुलाला, राजकुमारला, घरात पासबुक सापडलं. तो ते घेऊन इचोड्याला पळाला. तिथं त्याला सांगितलं, की खात्याला नॉमिनी लावलेला नाही. फौती, म्हणजे मृत्यूचा, दाखला आणा, वारसाचा दाखला आणा, घरातल्या सगळ्यांच्या सह्या आणा. राजकुमार मंडल ऑफिसला, म्हणजे तहसिलात गेला, दरखास्त दिली. तिथं म्हणाले, चौकशी होईल, वेळ लागेल. तोपर्यंत तेरावा दिवस उजाडला.

पंगतीला वरण-भात आणि भोपळ्याची भाजी होती. गोड म्हणून पानाच्या कोपऱ्यावर गुळाचा खडा. राजकुमार हात जोडून पंगतीतून फिरत होता आणि प्रत्येकाला म्हणत होता, "गोड माना, काका." देवाजीची बायको गयाबाई दाराआड बसून होती.

सुधाकररावांनी गुळाच्या खड्याकडे पाहिलं. देवाजी मोतीचुराचा होता. बुंदी त्याला पसंत नव्हती, दोघांत त्यावरून वाद व्हायचे. आणि शेवटी मिळाला काय, तर गुळाचा खडा! पैसे होते, माणूस होता, तेरा दिवस होते. तरी जुळलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी दुपारी ओसरीवर कोणी नाही असं पाहून ते सुवर्णाच्या टेबलापाशी आले. खुर्चीवर न बसता खांबाला टेकले.

"सूनबाई, एका मानसाचं विचारतो."

"विचारा ना, मामाजी. कोन हाये?"

"हाये एक. दुसऱ्या गावचा."

"कोन्या गावचा?"

"गावाचं काय करतं तू? त्या मानसाचे काई पैसे हायेत बँकेत. थोडेसेच. आता समज, तो मेला."

"अरे देवा! कधी मेला?"

"मेला नाई. मरन. कधी ना कधी मरनच ना! तं त्याच्या घरच्यायले तेरा दिवसायच्या आत पैसे भेटतीन का?"

सुवर्णानं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं, पण तिनं ते आवरलं. "नॉमिनी लावला हाये का त्या मानसानं?"

"नाई."

"मंग अवघड हाये. अन् लावला असला तरी कागदं पाहाले बँकेले वेळ लागते. तेरा दिवसायचा भरोसा म्या नाई देत."

"मंग त्यानं काय करावं?"

"बायकोचं नाव खात्यात जोडावं. दोघांपैकी कोनीबी पैसे काढू शकते, असं लिहून द्यावं. मंग एक गेलं तरी दुसऱ्याचं काम अडत नाई."

सुधाकरराव खांबाचा रंग नखानं खरवडायला लागले. "बायकोले न सांगता जोडता येते का नाव?"

"तिचा फोटो लागते, आधार लागते, सही लागते. तिले सोता बँकेत यावं लागते. न सांगता कसं नेसान तुमी आत्याबाईले?"

"मी कायले नेऊ? तो मानूस नेईन."

"हाव, हाव. तो मानूस." सुवर्णा गंभीर चेहऱ्यानं म्हणाली. "वय काय हाये त्या मानसाचं?"

"असन माझ्याएवढं. अडुसष्ट."

"मंग वीस रुपयात वरसाचा अपघात विमा बी निघते. सत्तरपर्यंत चालते. काई झालं तं घरच्यायले दोन लाख."

"दोन लाख!" सुधाकरराव खांब सोडून पुढं आले. मनातल्या मनात त्यांनी पाचाची दहा गावं केली आणि बुंदीशेजारी जिलबी मांडली.

"पन अपघातानंच मरावं लागते, मामाजी. खाटेवर मेलं तं नाई."

"म्हन्जे? मेल्यावर बी अटी?" सुधाकरराव चिडले. तरीही त्यांनी कमरेच्या पिशवीतून वीस रुपये काढून टेबलावर ठेवले. "त्या मानसाचा काढून टाक."

"खात्यातूनच कापल्या जातात ते. त्या मानसाचा आधार नंबर सांगा."

असा सुधाकररावांचा अंगठा पहिल्यांदा सुनेच्या मशीनवर टेकला. मशीननं तो पहिल्या फटक्यात घेतला. आकडा दिसला तेव्हा सुवर्णानं डोळे वर केले नाहीत, की भुवई उंचावली नाही. "कोनाच्या खात्याचं कोनाले सांगाचं नाई, असं आमाले शिकवलं हाये, मामाजी," एवढंच म्हणाली.

आता बयनाबाईंना सांगणं उरलं होतं. आठ वर्षं सांभाळलेलं गुपित चार दिवस ते तोंडात घोळवत फिरले. शेवटी कपाशीच्या वावरात, निंदण थांबवून दोघं बांधावर जेवायला बसले असताना त्यांनी ते एकदम बाहेर टाकलं. तेरवी, पाच गावं, बुंदी, देवाजी, एक्क्याण्णव हजार, सगळं एका दमात.

बयनाबाई आधी हसल्या. इतक्या हसल्या, की पदर तोंडात कोंबावा लागला. "मेल्यावरची बुंदी! अन् तुमी काय तिरडीवरून उठून चाखानार होते का, पाक बरोबर झाला का नाई म्हनून?"

सुधाकररावांनाही हायसं वाटलं. ते हसायला लागले. पण तोवर बयनाबाईंचं हसू थांबलं होतं.

"म्या तार मागतली तवा होते का हे पैसे?"

सुधाकररावांनी भाताचा घास हातातच ठेवला.

"दोन वरसं झाले," बयनाबाई म्हणाल्या, "मी ज्वारीची भाकर चंदाच्या घरी गेल्यावर खातो. लेकीच्या घरी! ते विचारते, आई, तुमच्याकडे काऊन नाई पेरत? मी सांगतो, डुकरं हायेत, पैसे नाई. लेकीपाशी तुमची बाजू घेतो. अन् तुमी मेल्यावर परक्यायले काय वाढाचं, ते ठरवून ठेवलं."

 सुधाकरराव उठून उरलेल्या निंदणाला लागले, हे त्या दिवशीचं त्यांचं एकमेव शहाणपण.

पुढचे दोन दिवस बयनाबाई त्यांच्याशी बोलल्या नाहीत. जे सांगायचं ते गोठ्यात जाऊन बैलाला सांगत. "ज्यायले जेवाचं असन त्यायनं घ्या म्हना, चुलीवर ठेवलं हाये." बैल कान हलवायचा आणि सुधाकरराव उठून ताट घ्यायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या हिरवं लुगडं नेसून, डोक्याला तेल लावून दारात उभ्या राहिल्या.

"चला."

"कोठी?"

"इचोड्याले. गुडघा दाखवाले."

बसमध्ये कंडक्टरनं बयनाबाईंचं आधार कार्ड पाहून शून्य रुपयांचं तिकीट फाडलं आणि सुधाकररावांकडे पैशांसाठी हात केला. बयनाबाईंनी आपलं तिकीट नीट घडी करून कमरेला खोचलं. "बायायले फुकट हाये. तुमीच खर्चाचे हायेत," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. दोन दिवसांनी थेट त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं लांब वाक्य होतं. सुधाकररावांनी ते आनंदानं ऐकून घेतलं.

बँकेत टेबलावर एक तरुण मॅडम होती. ती घरात तेलुगू बोलणारी, गिऱ्हाइकांशी हिंदी. तिनं फॉर्म भरला, फोटो चिकटवला आणि पेन थांबवत विचारलं, "दोनों में से कोई भी निकाल सकता है, ऐसा लिख दूँ?"

"लिखो," बयनाबाई म्हणाल्या.

सुधाकरराव टेबलावर वाकले. "मॅडम, ऐसा नहीं हो सकता क्या, की मेरे मरने के बादच इनोने निकालना?"

मॅडमनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "मरने के बाद किसलिए चाहिए?"

"इनकू पूछो," बयनाबाई म्हणाल्या. "मेरे कू तो जिंदा रहते कामाँ हैं."

मॅडम हसली आणि तिनं 'दोघांपैकी कोणीही' या चौकटीत खूण केली. बयनाबाईंनी सही केली. बचत गटात शिकलेली होती, अक्षरं मोठी आणि वेगवेगळी उभी असलेली. सही करून झाल्यावर त्यांनी कागद थोडा लांब धरून पाहिला. सुधाकररावांना त्या क्षणी, का कोण जाणे, ती सही आवडली.

ही आवड पंधरा दिवस टिकली. दसऱ्याच्या आधी एका सकाळी ते अनुपच्या टपरीवर बसलेले असताना फोन टुणकन वाजला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, म्हणून सवयीनं त्यांनी फोन अनुपच्या पुढं केला.

"काका, तुमच्या खात्यातून दहा हजार गेले," अनुप म्हणाला. आणि टपरीवरच्या सात माणसांना ऐकू गेलं आहे, हे लक्षात आल्यावर हळूच पुढं म्हणाला, "काल बी गेले. परवा बी. रोज दहा."

सुधाकरराव अर्धा चहा तसाच ठेवून निघाले. गुडघ्याची आठवण त्यांना झाली नाही. ओसरीवर सुवर्णा मशीनच्या कागदाची गुंडाळी बदलत होती.

"सूनबाई! माझे पैसे कोनी काढले?"

"दुसऱ्या खातेदाराची माहिती मी देत नाई, मामाजी."

"अवं, खातं माझं हाये!"

"तुमचं बी हाये," सुवर्णा शांतपणे म्हणाली.

बयनाबाई आतून हात पुसत बाहेर आल्या. "म्याच काढले. मशीनवर एका दिवसात दहाच निघतात, म्हनून तीन दिवस लागले. तारवाला दुपारी येऊन राह्यला. खांब गोपाल आनते. तुमी घरी राहा, खड्डे कोठी खनाचे ते दाखवा."

"अन् माझी बुंदी?"

"उरले ना एकसष्ट हजार. पाच गावं नाई तं तीन जेवतीन. अन् तुमी थोडे दिवस जास्त जगले तं पुन्हा पाच होतीन."

सुधाकररावांनी रागावण्याचा प्रयत्न केला. ओसरीच्या पायरीवर बसले, कपाळावर आठ्या आणल्या. पण दुपारी तारवाला आला तेव्हा तो खांब वाकडे रोवतो आहे, हे त्यांच्यानं बघवेना. अर्ध्या तासात ते त्याच्या हातातली पहार घेऊन उभे होते. संध्याकाळपर्यंत नाल्याकाठचे दोन्ही एकर त्यांनी तारेत बांधून घेतले आणि झटका मशीनची पेटी कोणत्या उंचीवर ठेवायची, यावर तारवाल्याशी तिघांसमक्ष भांडण केलं.

टपरीवरून निघालेली बातमी तोवर गावभर झाली होती. ती सुधाकररावांना लाज वाटावी म्हणून निघाली होती, पण पोचली भलतीकडेच. दुसऱ्या दिवशी सकाळी सुवर्णाच्या ओसरीवर सहा बायका येऊन बसल्या. त्यांना एकच विचारायचं होतं, बयनाबाईनं आपल्या अंगठ्यानं पैसे कसे काढले आणि आपल्याला नवऱ्याच्या खात्यात नाव लावायचं तर काय काय कागद लागतात? सुवर्णानं त्यांना फॉर्म दिले. हे कळताच तिसऱ्या दिवशी त्यांचे नवरे आले. त्यांना पैसे काढायचेही नव्हते आणि भरायचेही नव्हते. फक्त आपली रक्कम जागेवर आहे का, तेवढं बघायचं होतं. सुवर्णा प्रत्येकाचा अंगठा घेऊन आकडा दाखवायची, तोही हातानं आडोसा करून, दुसऱ्याला दिसू नये असा. आडोसा पाहून माणसं थोडी सैल व्हायची. आठवडाभरात कापसाचे पहिले पैसे यायला लागले आणि ज्यांनी नुसतं बघितलं होतं, ते काढायला आणि भरायलाही येऊ लागले. तीन महिन्यांची मुदत कधीच टळून गेली होती. कंपनीच्या माणसानं सुवर्णाला एक महिना वाढवून दिला होता, हे तिनं घरी कोणालाही सांगितलं नव्हतं. तो महिना संपला तेव्हा मशीन परत न्यायला कोणी आलं नाही.

ज्वारी दिवाळीपूर्वी पेरली. डुकरं दोनदा आली, तारेला नाक लावून ओरडत परत गेली. पौषात कणसं दाण्यांनी भरली आणि बयनाबाईंनी हुरडा करायचं ठरवलं. किती जणांना बोलवायचं ते त्यांनी नवऱ्याला विचारलं नाही. धुऱ्यावर गोवऱ्यांची आगटी पेटली, तेव्हा सुधाकररावांनी पाहिलं, की चंदा नवऱ्यासकट आली आहे, बचत गटाच्या बायका आहेत, अनुप टपरी बंद करून आला आहे आणि थोडी बाजूला, पदर सावरून, गयाबाईसुद्धा बसली आहे.

राजकुमार उशिरा आला. सुधाकररावांशेजारी बसून त्यानं गरम हुरड्याची मूठ चोळली, फुंकर मारली आणि सांगितलं, की वारसाचा दाखला निघाला, बाबाचे पैसे काल बँकेनं दिले. पाच महिने लागले.

"आता सांगा काका, वरीसश्राद्धाले मोतीचूर करू का सगळ्या गावाले? बाबाची इच्छा होती म्हन्ते आई."

सुधाकररावांनी चटणीत दाणे बुडवले आणि सावकाश चावले. समोर गयाबाई चंदाशी काहीतरी बोलत होती. पाच महिन्यांत पहिल्यांदाच ती चार माणसांत बसली होती.

"आईले इचारलं का, तिले काय पायजे?"

"नाई."

"ते इचार आधी. अन् ते पैसे सूनबाईकडे भर, आईचं नाव संगं लाव. दोघांपैकी कोनीबी, असं लिही." मग त्यांनी आवाज खाली आणत सांगितलं, "अन् मोतीचूर पावशेर का होईना, आन. देवाजीचं मन राह्यते. बुंदी नको आनू, तो वरतून शिव्या देईन."

राजकुमार हसला. सुधाकररावही हसले, आणि हसता हसता त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. धूर फार होता.

तेवढ्यात बयनाबाई आगटीपासून उठून आल्या. त्यांच्या हातात गोफण होती.

"बसले काय? ते पाहा."

वावराच्या पलीकडच्या टोकाला राघूंचा एक मोठा हिरवा थवा उतरला होता आणि निवांतपणे कणसं खुडत होता. झटका मशीनची तार त्यांच्या कितीतरी खाली, जमिनीलगत चमकत होती.

"तीस हजार घातले ना त्या तारेत!" सुधाकरराव म्हणाले.

"डुकरायसाठी घातले. पाखरायले कोन अडवन?"

सुधाकररावांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा गरम हुरड्याकडे पाहिलं, आणि गोफण घेऊन उठले. कमरेच्या पिशवीत खडे भरून घेतले आणि ज्वारीच्या तासांतून वाट काढत, गुडघ्यावर हात न ठेवता, मचाणाकडे निघाले. वर चढून त्यांनी पहिला खडा सोडला. राघू उडाले, एक गिरकी घेतली आणि बरोबर त्यांच्या पाठीमागे जाऊन बसले.

"मांगं! मांगं पाहा!" खालून बयनाबाई हात हलवत ओरडल्या, आणि आगटीभोवतीची सगळी माणसं वर बघून हसायला लागली.

"दिसते मले!" सुधाकरराव ओरडले आणि पुढचा खडा गोफणीत घालत मागं वळले.